पण मी बसू कुठी?

अकोल्याहून अमरावतीला एसटीनं जाताना मी मोबाइलवर शहर वसवत होतो. गेमचं एक एक्स्पान्शन, म्हणजे शहरात भर घालणारं जादा पॅकेज, विकत घ्यायचं होतं. विमानतळाचं की मेट्रोचं, तेच ठरत नव्हतं. शेजारी मेथीचं गाठोडं घेऊन एक काका बसले होते. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीनं ते सारखे मेथीवर पाणी शिंपडत. चार थेंब माझ्या शहरावरही पडायचे.

"काय करून राहिले?"

"शहर बांधून राहिलो, काका. इमानतळ घेऊ का मेट्रो?"

चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझे मॉल, टॉवर, उड्डाणपूल निवांत पाहिले. "मस्त हाय. पण मी बसू कुठी?"

मी बोटानं शहर इकडून तिकडं सरकवून पाहिलं.

"आठवडी बाजाराले जागा सोडा ना बाप्पा! एक दिवस बाजार, बाकी दिवस पोट्टे खेळतीन."

मूर्तिजापूरला गाठोडं डोक्यावर घेऊन ते उतरून गेले.

मी विमानतळ घेतला नाही, मेट्रोही नाही. बसस्टँडसमोरचा मॉल तेवढा पाडला. तेव्हापासून गेम रोज लाल अक्षरांत बजावतो, जागा रिकामी पडली आहे.

पडू दे. आमचा बाजार गुरुवारी भरतो.