‘खाली आहे’ची दोन सबटायटलं

“आजी, म्हणजे खालचे आजोबा जिवंतच आहेत?”

इरा, तू लॅपटॉपवर मला हे विचारलंस तेव्हा देवासला मंगळवारची सकाळ होती आणि तुमच्याकडे सोमवारची संध्याकाळ. मी चहाचा कप उचलला होता, तो परत ठेवला.

“असं कोण म्हणालं?”

“तूच लिहिलंयस. ही इज डाउनस्टेअर्स. दोनदा! दुसऱ्यांदा तर ते रडतात. मला वाटलं, भूत आहे. हॉरर आहे का हा?”

तो हॉरर नव्हता. दोन म्हाताऱ्या भावांचा सिनेमा होता आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंत तो एका महोत्सवाच्या निवड समितीकडे जायचा होता. समितीतल्या कुणालाही मराठी येत नव्हतं. ते माझ्या इंग्रजीतून सिनेमा पाहणार होते, आणि तोही एकदाच. शेवटच्या प्रसंगात त्यांनाही भूत दिसलं असतं, तर दिग्दर्शिका वैदेहीची चार वर्षांची मेहनत तिथेच संपली असती.

त्या आठवड्यात नेमकं काय चाललं होतं हे मी तुम्हां दोघांना, तुला आणि नीलला, तेव्हा सांगितलं नाही. आता क्रमानं सांगते. मराठी वाचताना अडलात तर आईकडून वाचून घ्या, पण इंग्रजीत पाठव म्हणू नका.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी सबटायटलं लिहायला लागले, हे तुम्हांला माहीत आहे. पात्र बोलतं त्याचं इंग्रजी पडद्याच्या तळाशी येतं, ते लिहिण्याचं हे काम. ऐकायला सोपं आहे. पण ओळ लहान असावी लागते, दोन ओळींच्या वर जाता येत नाही, आणि वाचणाऱ्याचे डोळे लगेच परत चेहऱ्याकडे जायला हवेत. प्रत्येक ओळ कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला दिसेल आणि कधी जाईल, ते लिहून द्यायचं. त्याला टाइमकोड म्हणतात.

माझा एक नियम आहे. सिनेमा पहिल्यांदा पाहताना हातात पेन घ्यायचं नाही, समोर संवादांचे कागद ठेवायचे नाहीत. नुसतं पाहायचं. संपल्यावर एका वहीत लिहायचं की कुठे हसू आलं, कुठे रडू आलं, कुठे जांभई आली. कारण नंतर तोच प्रसंग मी वीस वेळा पाहते आणि विसाव्या वेळी मला काहीच वाटत नाही. तेव्हा वही उघडायची. पाहणारा तर सगळं पहिल्यांदाच पाहणार असतो. त्याला जे वाटणार, ते मला कधीतरी वाटलं होतं याचा तेवढाच पुरावा माझ्याजवळ असतो.

हा नियम मी कुठून घेतला, तेही सांगते. मी नऊ वर्षांची असताना धारला आमच्या शाळेच्या मैदानात पांढरं कापड बांधून एक परदेशी सिनेमा दाखवला होता. भाषा कुठली होती तेही आम्हांला माहीत नव्हतं. सबटायटलं नव्हती. त्यात एक बाई दार लावायला जाते, कडी घालते आणि कडीवरचा हात काढतच नाही. बस, एवढंच. मला एक शब्द कळला नव्हता, पण ती आता एकटी राहणार हे कळलं होतं. घरी जाताना मी माझ्या आईचा हात घट्ट धरला होता. सिनेमाचं नाव मला आजही माहीत नाही. तो हात मात्र आजही दिसतो. म्हणून सबटायटलाचं काम समजावणं नाही, मधे न येणं आहे, असं मी धरून चालते.

वैदेहीच्या सिनेमाला मी माझा हा नियम मोडला.

वैदेही धारची. तिची आई माझी विद्यार्थिनी, म्हणून तीही मला मॅडम म्हणते. हा तिचा पहिला मोठा सिनेमा. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तशी सही करून दिली आहे. एडिटिंग लांबलं होतं. पिक्चर लॉक झालं की, म्हणजे आता एकही दृश्य मागेपुढे होणार नाही असं ठरलं की, मग खरं तर आमचं काम सुरू होतं. पण वेळ नव्हता. तिचा एडिटर सचिन इंदूरहून फोनवर म्हणाला, “मॅडम, पिक्चर तो टुकड़े-टुकड़े में मिलेगी. तब तक आप डायलॉग से चालू कर दो ना.”

मी चालू केलं. आधी कागद वाचले, इंग्रजी केलं, मग आलेल्या तुकड्यांवर ते बसवत गेले. शेवटचा प्रसंग सगळ्यांत उशिरा आला. तोवर त्याचं इंग्रजी माझ्याकडे तयार होतं. मी फक्त टाइमकोड पाहिले. वहीतलं पान कोरं राहिलं. ते मला खुपत होतं. म्हणून वैदेहीला विचारून मी तुला सिनेमा पाहायला लावला, इरा. पहिलं पाहणं माझ्याकडे उरलं नव्हतं, ते तुझ्याकडून उसनं घेतलं.

आता गोष्ट थोडक्यात सांगते, म्हणजे चूक कळेल. धारमधलं दुमजली घर. थोरला भाऊ वर राहतो, धाकटा खाली. दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. रोज सकाळी जवळच्या तिरला गावाहून भाजीवाली येते. थोरला दोरीला बांधलेली टोपली खिडकीतून सोडतो. धाकटा ओट्यावर येतो, भेंडीची टोकं मोडून पाहतो, कोवळी निवडून टोपलीत टाकतो. वर बघत नाही. थोरला टोपली ओढून घेतो. खाली बघत नाही. एके दिवशी धाकट्याला अँब्युलन्स इंदूरला घेऊन जाते आणि तो परत येत नाही. भाजीवालीला हे माहीत नाही. ती वर बघून धाकट्याबद्दल विचारते, “छोटा भिया दो दन से नी दिख्या, कां गया?” थोरला म्हणतो, “खाली आहे.” ती ओट्यापाशी थांबते. कुणी येत नाही. ती पुढच्या गल्लीत निघून जाते. थोरला सवयीनं टोपली वर ओढतो, आत बघतो आणि म्हणतो, “खाली आहे.” सिनेमा संपतो.

संवादांच्या कागदावर फक्त संवाद असतात. तिथे हे दोन शब्द एकाखाली एक होते, अगदी सारखे. मला वाटलं, म्हातारा हट्टानं तेच पुन्हा सांगतो आहे. आणि माझी एक शिस्त अशी की एकाच वाक्याचं इंग्रजी दर वेळी एकच. ‘ही इज डाउनस्टेअर्स’. दोन्हीकडे.

मी तुला विचारलं, “दुसऱ्यांदा ते म्हणतात तेव्हा तुला काय वाटलं?”

तू म्हणालीस, “त्यांचा आवाज वेगळा होता. पण तळाला तेच लिहिलं होतं. मग मी आवाजाकडे लक्ष नाही दिलं.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. माझ्या अक्षरांनी एका नटाचा आवाज बंद केला होता.

बुधवारी वैदेही धारहून इंदूरमार्गे दोन बस बदलून आली. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडला. तिनं प्रसंग पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“मॅडम, दुसरं ‘खाली’ म्हणजे रिकामी. टोपली खाली आहे.”

“तू फाईल तपासली होतीस ना?”

“तपासली. पण मला मराठी ऐकू येतं ना, मी खालचं वाचतच नाही!”

हे आमच्या धंद्यातलं खरं दुखणं आहे. ज्याला भाषा येते तो सबटायटल वाचत नाही, आणि जो वाचतो त्याला चूक कळत नाही.

तरी मी लगेच हार मानली नाही. “हे गृहस्थ जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांची मराठी बघ, ‘वहिनीसाहेब’ म्हणतात, ‘अंमळ’ म्हणतात. असा माणूस टोपलीला रिकामीच म्हणेल. ‘खाली’ हे हिंदी झालं.”

“मॅडम, हे माझे आजोबाच आहेत. ‘अंमळ’ म्हणायचे, आणि ‘भिंडी’ पण म्हणायचे. ‘डिब्बा खाली आहे’ म्हणायचे.”

तुमचे आबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, “मीही म्हणतो. गेली शेहेचाळीस वर्षं हिचं टोकणं खातोय.”

वैदेही हसली. मला हसू आलं नाही, कारण चूक कुठे झाली ते तेव्हा कळलं. माझी आई आम्हां भावंडांना हेच सांगायची: खाली म्हणजे जमिनीकडे, डबा असेल तर रिकामा. मी तेच तुमच्या आईला सांगितलं आणि तुम्हांला फोनवर सांगते. पुण्याच्या माणसाला ‘खाली’चा एकच अर्थ ऐकू आला असता, भोपाळच्या माणसाला दुसरा. आमच्या माळव्यात दोन्ही ऐकू येतात. मीच सगळं आयुष्य त्यातला एक कान बंद ठेवला होता.

“मग दुसरं बदलू,” मी म्हटलं. “‘द बास्केट इज एम्प्टी’.”

वैदेहीनं टोपलीवर चित्र थांबवलं. मग म्हणाली, “नको. नुसती टोपली नाही ना ती. त्यांना तेव्हा कळतं. आधी ते खोटं बोलतात की सवयीनं बोलतात, मलाही माहीत नाही. पण टोपलीत बघताना कळतं. मला दोन्ही अर्थ एकदम हवेत, मॅडम.”

“एकदम मिळणार नाहीत. इंग्रजीत एक शब्द दोन्हीकडे चालत नाही.”

“मग?”

“एकामागून एक मिळतील.”

पहिल्या वेळी ‘ही इज डाउनस्टेअर्स’ तसंच ठेवलं. दुसऱ्या वेळी ‘इट्स एम्प्टी’.

“‘इट’ म्हणजे काय धरायचं?” तिनं विचारलं. “टोपली, की घर?”

“इंग्रजीतलं ‘इट’ कशाकडेही बोट दाखवतं. ज्याला जे दिसेल ते.”

तिनं प्रसंग पुन्हा लावला. मग पुन्हा एकदा. मग उठून खिडकीपाशी गेली आणि देवासच्या टेकडीकडे बघत उभी राहिली. मी तिला पाणी दिलं. तिनं ते प्यायलं नाही, नुसतं हातात धरलं.

तेवढ्यात सचिनचा फोन आला. “मॅडम, दो शब्द की बात है. दो शब्द में क्या अटक रिया है?”

“सचिन भिया, वही दो शब्द अटके थे. अब निकल गए. फाईल शाम तक भेजती हूँ.”

पण मला अजून खात्री नव्हती. मला आणि वैदेहीला आता सगळं माहीत होतं. इरा, तुलाही माहीत झालं होतं, त्यामुळे तुझं पाहणं आता उपयोगाचं नव्हतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच वापरता येतो. घरात असा एकच उरला होता.

नील, तुला आठवत असेल, मी विचारलं तेव्हा तुझा पहिला प्रश्न होता, “किती मिनिटांचा आहे?” इरानं मागून ओरडून सांगितलं होतं, “मी याला काहीच सांगितलेलं नाही! आणि आजी, याला चिप्स खाऊ देऊ नकोस, आवाज करतो!”

गुरुवारी सकाळी मी इकडे बसून तुझा चेहरा बघत होते. सिनेमा मला दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता. तू बराच वेळ खुर्चीत गोल फिरत होतास. अँब्युलन्सच्या आवाजाला थांबलास. भाजीवालीचा प्रश्न आला. पहिलं ‘खाली आहे’ आलं. तू पुढे सरकलास. मग दोरी ओढण्याचा आवाज. मग दुसरं ‘खाली आहे’.

नावांची पाटी सुरू झाली तरी बसून राहिलास. मग म्हणालास, “त्या भाजीवाल्या बाईनं टाकायला हवी होती ना थोडी भेंडी.”

मी म्हटलं, “ती वाट बघत होती. निवडायला कुणी येईल म्हणून.”

“हो, माहितीये,” तू म्हणालास आणि नाक पुसलंस.

मग मी कामाचा प्रश्न विचारला. “सबटायटलं कशी होती?”

“कुठली सबटायटलं?”

मी वैदेहीला फोन करून फक्त एवढंच सांगितलं. पलीकडे ती हसली. सिनेमा शुक्रवारी सकाळीच समितीकडे गेला, बाराच्या पुष्कळ आधी. दोन महिन्यांनी सिनेमा निवडला गेल्याचं पत्र आलं. ते तिनं मला पाठवलं. त्यात अभिनयाबद्दल लिहिलं होतं, शेवटाबद्दल लिहिलं होतं. सबटायटलांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते पत्र फाईलला लावून ठेवलं आहे.

यातून मी दोन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या. पहिली: कितीही घाई असली तरी पहिल्यांदा पाहताना पेन नको. दुसरी तुमच्यासाठी आहे. यापुढे तुम्ही फोनवर ‘फ्रिज खाली आहे’ म्हणालात, तर मी लगेच टोकणार नाही. कुठला खाली, ते आधी विचारीन.