केतनभाईंचा पिठ्ठू

आमची कंपनी त्या पोस्टवर गेली तेव्हा मला हवालदार होऊन वर्ष झालं होतं. पोस्टचं नाव सांगत नाही. उंची चौदा हजार फुटांच्या वर. खाली नाला, समोर खिंड, बाकी दगड आणि बर्फ. गाव आमचं पारोळ्याकडचं, पण वडील सुरतेला लूमवर होते, मी वाढलो तिथल्याच डिंडोलीत. भरती होईपर्यंत बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला होता.

सकाळी बर्फ फोडून पाणी करायचं. मग गस्त. संध्याकाळी रेडिओवर हवामानाचं बुलेटिन. झोपताना बूट स्लीपिंग बॅगेत घ्यायचे, नाहीतर सकाळी त्यांचं लाकूड होतं. आमच्या सामानाबद्दल कुणी कधी प्रेमाने बोललं नाही. स्टोअरमधून मिळायचं, घालायचं, फाटलं तर शिवायचं.

सामानावर प्रेम करणारी माणसं मी पहिल्यांदा त्या पोस्टवर पाहिली. उन्हाळ्यात परमिट काढून ट्रेकिंगच्या पार्ट्या यायच्या. आमच्या लंगरमध्ये, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, चहा प्यायच्या आणि तासभर एकमेकांची जॅकेटं चाचपत बसायच्या. कुणाचं पाणी आत येऊ देत नाही, कुणाचं घाम बाहेर जाऊ देतं. डोंगराकडे पाठ करून हे चालायचं. डोंगर फोटोपुरता लागायचा, तेव्हा वळायचे.

त्या वर्षी शेवटची पार्टी आली ती सुरतेची. सात जण. पुढारी केतनभाई. घरचा हिऱ्यांचा धंदा, कतारगामला कारखाना, हे त्यांनी चहा हातात यायच्या आधी सांगितलं. मी डिंडोलीचा म्हटल्यावर ते खूश झाले आणि लगेच हिंदीतून गुजरातीत आले. मग त्यांनी मला बुटाखाली लावायचे लोखंडी काट्यांचे क्रॅम्पॉन दाखवले. पट्ट्यांवर दुकानाचं लेबल तसंच होतं.

बुलेटिन वाईट होतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर बर्फ, वारा. आमच्या पोस्टचे कमांडर नायब सुभेदार साहेब होते. त्यांनी सरळ सांगितलं, दोन दिवस इथेच थांबा, मग खिंड चढा. केतनभाईंनी बाही सरकवून मनगटावरचं घड्याळ दाखवलं. त्यात उंची कळायची, हवेचा दाब कळायचा, पुढचं हवामानही कळायचं. घड्याळ म्हणत होतं, आकाश स्वच्छ राहील. परमिट होतं, त्यामुळे अडवायचा अधिकार आम्हाला नव्हता. सकाळी ते गेले. घड्याळही गेलं.

बर्फ बुलेटिनप्रमाणे आला. ते खिंडीपर्यंत पोचलेच नाहीत. नाल्यापलीकडे एका कातळाआड तंबू ठोकून बसले. रात्री त्यांचा टॉर्च दिसला. तसल्या वाऱ्यात कुणाला पाठवण्याजोगं नव्हतं. उजाडताच वारा पडला आणि साहेबांनी त्यांना आणायला पार्टी काढली. आम्ही सहा जण. त्यात लान्सनायक माणिक घुगे.

नाल्यावर बर्फाचा पूल होता. खालून पाणी वाहत असतं, वर बर्फाची कमान टिकून राहते. सकाळी ती माणसाचं वजन घेते. ऊन लागलं की तिचा भरवसा नाही. आम्ही दोन्ही काठांना रोप, म्हणजे जाड दोर, बांधला. मी अलीकडच्या काठाला रोपावर. साहेब माझ्याशेजारी रेडिओवर. घुगे पलीकडे गेला, त्यांना एकेक करून पाठवायला. तो सगळ्यात शेवटी येणार होता.

तंबूतली अवस्था घुगेने रेडिओवर दोन वाक्यांत सांगितली.

"सातही जण जिवंत आहेत. चालू शकतात. ओव्हर."

"पिठ्ठू तिथेच सोडा. फक्त माणसं आणा. ओव्हर."

"रॉजर."

पिठ्ठू म्हणजे पाठीवरची सॅक. सहा जण आले. त्यांच्यात एक दाताची डॉक्टर मुलगी होती. तिच्या दोन्ही हातांची बोटं सुजली होती, पण अलीकडे आल्यावर ती दुसऱ्यांचे बूट काढून त्यांचे पाय चोळायला बसली. बाकीचे आपापल्या मोबाईलला रेंज शोधत होते. मी खोटं सांगत नाही. आमच्या पोस्टवर मोबाईल चालत नसे, हे त्यांना आल्या दिवशीच सांगून झालं होतं.

शेवटचे केतनभाई. घुगेने त्यांच्या कमरेचा पट्टा रोपाला कॅरॅबिनरने, म्हणजे लोखंडी कडीने, अडकवला. ते निघाले. ऊन नाल्यात उतरलं होतं. पुलाच्या मध्यावर येऊन ते थांबले. वळले. साहेब ओरडले, आगे चलो. केतनभाई हात हलवून म्हणाले,

"सर, दो मिनिट. बॅग में कॅमेरा है."

आणि परत गेले. काठावर पोचल्यावर त्यांनी स्वतःची कडी रोपातून काढली, तंबूतून पिठ्ठू आणून पाठीवर चढवला आणि कडी पुन्हा लावायला लागले. ती भारीतली कडी होती, आपोआप लॉक होणारी. तिच्या तोंडात बर्फ गेला होता. ती उघडेना. तर ते तसेच, मोकळे, पुलावर आले. मागून घुगे ओरडत आला. त्याने त्यांना पट्ट्याला धरून थांबवलं, स्वतःची कडी स्वतःच्या कमरेतून काढली आणि तिने त्यांचा पट्टा रोपाला अडकवला. साधी कडी होती. एका झटक्यात लागली.

मग पूल गेला.

आवाज फार झाला नाही. माझ्या हातांना रोपाचा हिसका बसला. त्याच्यावर एकच वजन होतं, हे मला हिसक्यावरून कळलं. आम्ही ओढलं. केतनभाई वर आले. पिठ्ठूही वर आला.

साहेबांनी रेडिओवर पोस्टला कळवलं. "एक जवान नाल्यात. शोध चालू. ओव्हर." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. दुपारी घुगे खाली, जिथे बर्फ संपून नाला उघडा पडतो तिथे, सापडला. त्याला पोस्टवर आणल्यावर डॉक्टर मुलीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला त्याचं नाव विचारलं. सातांपैकी तिने एकटीनेच विचारलं. केतनभाई आमच्या बंकरमध्ये स्टोव्हपाशी बसून कॅमेऱ्याची काच पुसत होते. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं आणि ते सगळे गेले.

ही झाली सर्व्हिसमधली गोष्ट. रिटायर होऊन मी सुरतेला परत आलो. आता इच्छापोरला एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे. मागच्या हिवाळ्यात आमच्या एजन्सीच्या साहेबांनी निरोप दिला की वेसूकडे एका मोठ्या शोरूमचं उद्घाटन आहे, ट्रेकिंगच्या सामानाचं, त्यांना एक माजी सैनिक हवा आहे. मेडल लावून यायचं. काम काय, तर दिसायचं.

जायची इच्छा नव्हती. पण साहेबांना नाही म्हणायची सोय नव्हती. बायको घरात अहिराणीच बोलते. ती म्हणाली, "जाई या. पन कोनले काही बोलू नका."

शोरूममध्ये एसी इतका लावला होता की लोकांनी तिथलीच जॅकेटं घालून पाहावीत. एका भिंतीवर प्लॅस्टिकचे दगड बसवले होते, चढायला. खाली गादी. मालक माइकवर आले तेव्हा मी त्यांना ओळखलं. केस कमी झाले होते, घड्याळ नवीन होतं. त्यांनी मला ओळखलं नाही. डोंगरावर माझ्या तोंडावर दाढी आणि गॉगल होता, त्याबद्दल तक्रार नाही.

केतनभाई गुजरातीत छान बोलले. एकदा ते हिमालयात वादळात अडकले होते. रात्रभर मृत्यू तंबूबाहेर उभा होता. त्या रात्री त्यांना या कंपनीच्या जॅकेटने वाचवलं, आणि तेव्हाच त्यांनी ठरवलं की सुरतेच्या लोकांपर्यंत हे जॅकेट पोचवायचं. सकाळी आर्मी आली, असंही ते म्हणाले. ओघात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला पुढे बोलावलं आणि माइक दिला. फौजी साहेबांनी चांगल्या सामानाचं महत्त्व दोन शब्दांत सांगावं.

मी रिपोर्ट दिला. पोस्ट, बुलेटिन, पार्टी सातची, पूल, रोप. एक सिव्हिलियन आज्ञा मोडून सामानासाठी परत गेला. लान्सनायक माणिक घुगे याने स्वतःची कडी काढून त्याला लावली आणि तो मेला. केतनभाईंचं नाव मी घेतलं नाही. ते माझ्याशेजारीच उभे होते, गरज नव्हती. माइक परत दिला. कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली. भाषण संपलं की वाजवायची, एवढंच त्यांना माहीत.

मी जिन्यापाशी पोचलो तेव्हा केतनभाई मागून आले. तोंड उतरलं होतं. मला वाटलं, आता माणूस काहीतरी बोलेल. ते हळू आवाजात म्हणाले की त्यांना ते नाव कुणी कधी सांगितलंच नाही. मग खिशातून मोबाईल काढला. या भिंतीला ते नाव देऊ, चढायच्या भिंतीला, खाली फोटो लावू.

"घुगेचं स्पेलिंग काय, सर?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मनगटावर, खांद्यावर, पायात, सगळीकडे उत्तम सामान होतं. ते घालायला आत कुणी नव्हतं.

"त्याचं नाव इथे लावायचं नाही," मी म्हणालो, आणि उतरलो. दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या साहेबांनी मला झापलं. मी ऐकून घेतलं.

घुगे हिंगोली जिल्ह्यातला. कंपनीच्या कबड्डीत डाव्या कोपऱ्याला खेळायचा, पायाला मिठी मारली की सोडायचा नाही. लंगरची डाळ त्याला पातळ वाटायची आणि तो ते रोज नव्याने सांगायचा. लग्न ठरलं होतं. त्याला गावी घेऊन जायची ड्यूटी मला मिळाली. शाळेच्या मैदानात सलामी झाली, बिगुल झाला. सगळं उरकल्यावर त्याच्या आईने मला ओट्यावर बसवलं. ती रडत नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं की तिकडं गारठा लई असतो म्हणतात, तर लेकराच्या अंगात काय होतं.

मी सांगितलं, "कोट होता, आई. सरकारी. जाड."

तिने मान हलवली.

"मंग बरं," ती म्हणाली.