खंडेनवमीला पुजलेला स्टार्टर

आमच्या मोटारीचं हँडल दिराच्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. मोटार आमची आणि हँडल त्यांच्याकडे, अशी ही व्यवस्था दीड वर्ष चालली. त्या दीड वर्षात मी कितीदा त्यांच्या दारात उभी राहिले, हे माझ्या वहीत तारखांसकट आहे. मी सगळंच वहीत लिहिते. वाणसामान, धोब्याचे कपडे, कोण काय बोललं, तेही.

सुरुवात साधी होती. मोटारीचा स्टार्टर बिघडला. पायाखालचं बटण दाबलं की इंजिन फिरायचं, ते फिरेनासं झालं. मग पुढून लोखंडी हँडल घालून हातानं फिरवायचं. एका सकाळी हँडल उलटं उसळलं आणि आमच्या यजमानांचं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण हातात जोर राहिला नाही. वकिली चालली, लिहिणं चाललं, हँडल मात्र कायमचं सुटलं. त्याच दिवशी धाकट्या दिरांनी ते उचलून नेलं. "आता हे माझ्याकडं असू दे. नाहीतर दादा दुसराही हात मोडून घेईल." तेव्हा मला ते शहाणपणाचंच वाटलं.

वाटणीत मोटार आमच्याकडे आली होती आणि कंग्राळीचं शेत त्यांच्याकडे गेलं होतं. त्यांना मोटार हवी होती. ती मिळाली नाही, पण हँडल मिळालं, आणि त्यांनी ते पुरेपूर वापरलं. मोटार मी चालवायचे. यजमानांना कोर्टात सोडायचं, कधी चिकोडी, कधी निपाणी. रोज सकाळी मी सोप्यातून त्यांच्या दाराशी जायचे.

"भावजी, जरा हँडल मारता?"

"काय वैनी, आज कुठं स्वारी? बसा की. चहा व्हायचाय माझा."

चहा व्हायचा. मग पान व्हायचं. मग शेजारी ऐकतील अशा आवाजात, "चला, ड्रायव्हरीणबाईंची गाडी चालू करून येतो." ढकलून सुरू करावी, तर अंगण रस्त्याहून खाली, बाहेर पडायला चढ. लोहाराकडून दुसरं हँडल घडवून घेता आलं असतं, पण फिरवणार कोण? मी दोनदा प्रयत्न केला होता. पाऊण फेरा, आणि हात मागे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण आषाढात माझ्या माहेराहून, जांबोटीहून, माणूस आला. माझी आई गंभीर होती, तिनं मला बोलावलं होतं. सकाळचे अकरा वाजले होते. मी दिरांच्या दाराशी गेले, सांगितलं. ते म्हणाले, "जेवतो आणि मारतो हँडल. दहा मिनिटं." मी कपड्यांची पिशवी घेऊन मोटारीत बसले. पाऊण तासानं उठून पाहिलं तर त्यांच्या खोलीला कुलूप. कुणा मित्राची गाडी आली होती, तिच्यातून ते निपाणीला गेले होते. मागच्या दारानं.

जांबोटीची बस केव्हाच सुटली होती. पावसात मिळेल त्या बैलगाडीनं आणि उरलेलं पायी, अशी मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. अंगणात माणसं होती. आईला नेऊन झालं होतं.

परत आल्यावर दीर म्हणाले, "विसरलो बघा वैनी. डोक्यातनंच गेलं." एवढंच. यजमान म्हणाले, मुद्दाम नसेल केलं. मी वहीचं नवं पान काढलं आणि वर लिहिलं : स्टार्टर. मला हँडल नको होतं. हँडल लागताच कामा नये, असं हवं होतं.

लढाईचे दिवस होते. नवे सुटे भाग मिळत नव्हते आणि गॅरेजवाल्यांना लष्करी लॉऱ्यांतून सवड नव्हती. मोटार गॅरेजपर्यंत न्यायची म्हटलं तरी आधी ती सुरू करायला हवी, म्हणजे पुन्हा तेच दार. तेव्हा काम घरीच करायचं ठरवलं. लष्कराच्या कँपातल्या वर्कशॉपात एक मिस्त्री होते. त्यांना दसऱ्याची सुटी असते, हे मी आधीच विचारून ठेवलं. स्टार्टरसाठी यजमानांच्या पक्षकारांना पत्रं घातली. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याची आमच्यासारखीच मोटार घाटात उलटून मोडीत निघाली होती. त्यानं तिचा स्टार्टर बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिला, तंबाखूच्या पोत्यात गुंडाळून. पोतं सोडलं आणि मी अकरा शिंका दिल्या.

अष्टमीला मिस्त्री आले. मोटारीखाली शिरून त्यांनी जुना स्टार्टर सोडवला आणि फरशीवर आपटला. "मेलाय ह्यो, आक्का. जाळायच्याच लायकीचा." मग निपाणीचा हातात घेऊन उलटासुलटा केला. लांबट लोखंडी नळकांडं, आणि पुढे आटे पाडलेला दांडा. त्या दांड्यावर एक छोटं दातेरी चाक. बटण दाबलं की दांडा गरकन फिरतो, चाक आट्यांवरून पुढे सरकतं आणि इंजिनाच्या मोठ्या चाकात दात अडकवून त्याला फिरवतं.

"ह्यो झ्याक हाय. पन तंबाखूनं भरलाय. रॉकेलनं धुवा, सुकवा. आनि एक ध्यानात ठेवा, ह्या दांड्याला तेल लावायचं न्हाय. थेंब न्हाय. तेलाला धूळ चिकटली की चाक सरकत न्हाय. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं. तेल नाही. खाली दोन रेघा.

"आजच बसवून टाका ना," मी म्हटलं.

"सुकू दे की आधी. आनि उद्या खंडेनवमी. उद्या मी हत्याराला हात लावायचो न्हाय. परवा सकाळी सातला येतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडेही त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. मी स्टार्टर रॉकेलनं धुतला, उन्हात सुकवला. नवमीला सोप्यात पाट मांडला. त्यावर यजमानांची दौत-टाक आणि कायद्याची पुस्तकं, माझी कात्री, विळी, खोवणी, मोटारीचे पाने आणि मधोमध स्टार्टर. ज्याच्यासाठी तीन महिने घालवले, त्याला मधली जागा.

सोपा दोन्ही घरांचा सामाईक. दिरांनी पलीकडच्या बाजूला आपला पाट मांडला होता. त्यावर त्यांनी हँडल ठेवलं होतं, झेंडूची माळ घालून.

"आमच्याकडं एवढंच शस्त्र, वैनी. पण चालतंय अजून." मग आमच्या पाटाशी येऊन स्टार्टरकडे वाकून बघत म्हणाले, "नवं दैवत आलं म्हणायचं. पावतं का बघू." आणि दोन्ही हात जोडले.

मी दिवसभर पाटावर नजर ठेवली. पण जेवायला, झोपायला उठावंच लागलं.

दसऱ्याला पहाटे उठून मी उत्तरपूजा केली, फुलं काढली, एकेक वस्तू फडक्यानं पुसून जागच्या जागी ठेवली. स्टार्टर पुसून स्वच्छ कागदावर ठेवला. मिस्त्री सातला आले तेव्हा सगळं रांगेत होतं. बॅटरीची तार आधी सोडवायची, ती मी सोडवून ठेवली होती. मिस्त्री खाली शिरले, मी वरून पाने देत होते. दोन बोल्ट बसले. तिसरा आडजागी होता, त्यांचा पंजा तिथे जाईना. मी बांगड्या कोपरापर्यंत वर सारून त्यांवर रुमाल बांधला आणि वरून हात घालून तो बोल्ट आवळला. जाड तार जोडली. मी आत बसले आणि बटणावर पाय दिला.

घूंऽऽ असा आवाज आला. नुसता आवाज. आत काहीतरी वेगानं फिरत होतं आणि इंजिन ढिम्म.

पुन्हा दाबलं. पुन्हा घूंऽऽ.

सोप्याच्या पायरीवर दीर येऊन उभे होते, सणाचा रेशमी काठाचा धोतरजोडा नेसून. हातात हँडल, माळेसकट.

"देऊ का, वैनी?"

मी मोटारीतून उतरले. "काय टाकलंत त्यात? वाळू टाकलीत की राख?"

"काय?"

"काल तुम्ही पाटाशी आला होता. वाकला होता."

"नमस्काराला वाकलो होतो!"

"तुम्ही? नमस्काराला? तीन महिने मी हे जमवतेय हे तुम्हांला ठाऊक आहे. हे चालू झालं तर उद्यापासून तुमच्या दारात कोण येईल उभं राहायला?"

यजमान आतून आले. "अगं, हळू. सणाचा दिवस आहे." रस्त्यावरून नवे कपडे घालून जाणारी माणसं थांबली होती. मी हळू बोलले नाही. ज्यानं मरत्या बाईच्या लेकीला अंगणात बसवून ठेवलं, त्याला मूठभर वाळू टाकायला किती वेळ, असं मी म्हणाले. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले.

दिरांचा चेहरा उतरला. हँडलवर हात ठेवून म्हणाले, "हे काल पुजलेलं आहे. ह्याच्यावर हात ठेवून सांगतो, मी तुमच्या त्या डब्याला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"तुमच्या शपथेचं मला काय?"

"भांडा निवांत," मिस्त्री मोटारीखालून म्हणाले. "मी काढून बघतो."

स्टार्टर पुन्हा बाहेर आला. मिस्त्रींनी अंगणात कागद पसरला, दांड्यावरचं चाक जोर लावून मागे सारलं आणि आट्यांतून खिळ्यानं मळ कोरून काढला. कागदावर पडला तो लाल लगदा होता. त्यात काहीतरी पांढरं होतं. मिस्त्रींनी ते चिमटीत धरून उजेडात नेलं.

"आक्का, ह्यो तांदूळ हाय."

त्यांनी तो दाणा माझ्या तळहातावर ठेवला.

"वाळू न्हाय. राख न्हाय. अक्षता हाईत, आनि कुंकू. कुंकू कशात कालवलंतं?"

लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही. आमच्या घरी ते तेलात कालवून हत्यारांना पाच बोटं ओढतात. सासूबाई ओढायच्या, मीही वीस वर्षं ओढत आले. आणि स्टार्टरचा सगळ्यांत चकचकीत भाग म्हणजे तो दांडा. मी बोटं तिथेच ओढली होती, वर अक्षता वाहिल्या होत्या. सकाळी वरवर पुसलं, आट्यांत आणि चाकाखाली गेलं ते तिथेच राहिलं.

"तेलात," मी म्हणाले.

"मी काय सांगिटलंतं?"

"तेल नाही."

"लिवून घेतलंतं न्हवं?"

"हो."

दीर हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, पायरीवर बसून. "वैनी, अक्षता टाकून लग्नच लावलंत की मोटारीचं! आणि वाळू मी टाकली होय? जेवणावळ तरी घाला!" रस्त्यावरचे दोघे-तिघेही हसले. यजमान आत निघून गेले.

मी रॉकेलचा डबा आणला. दांडा, आटे, चाक मी स्वतः धुतलं, जुन्या दातवणाच्या काडीनं प्रत्येक आटा कोरला. चाक एका बोटानं पुढेमागे सरकायला लागेपर्यंत सोडलं नाही. दीर मागे बसून बोलतच होते. मिस्त्रींनी बसवला, तिसरा बोल्ट पुन्हा मी आवळला. आत बसले. बटणावर पाय दिला. कट्ट असा दात अडकल्याचा आवाज आला, इंजिन दोन गचके खाऊन सुरू झालं आणि अंगणभर निळा धूर झाला.

दीर धोतराच्या सोग्यानं धूर वारायला लागले.

मी इंजिन चालू ठेवून खाली उतरले आणि पायरीशी गेले. हात रॉकेलनं माखलेले होते.

"भावजी, वाळूचं मी चुकले. चार माणसांत बोलले, म्हणून चार माणसांत सांगते. चूक माझी होती."

"असू दे, असू दे," ते म्हणाले. ते खूश झाले होते. "सणाचं विसरून जाऊ, वैनी."

"मी माझं सांगितलं. आता जांबोटीचं तुम्ही सांगा."

"ते आता कशाला?"

"विसरला होता, की मुद्दाम गेला होता?"

यजमान पुन्हा दारात आले होते, पण या वेळी हळू बोल म्हणाले नाहीत. मिस्त्री पाने पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही. मोटार मागे धडधडत होती. मी उभी राहिले. त्यांच्या दारात इतक्या वेळा उभी राहिले होते, आणखी थोडा वेळ मला जड नव्हता.

दिरांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग उठले, माळेसकट हँडल मोटारीच्या दाराखालच्या पायफळीवर ठेवलं आणि आपल्या दारानं आत गेले. कडी लावल्याचा आवाज आला.

उत्तर मला मिळालं. यजमानांनाही मिळालं, कारण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मुद्दाम नसेल केलं, हे वाक्यही पुन्हा म्हटलं नाही.

मी माळ काढून तुळशीपाशी ठेवली, हँडल मागच्या सीटखाली टाकलं. मिस्त्रींना जेवून जायला सांगितलं. वडील जांबोटीला एकटे होते, त्यांचा आईशिवायचा तो पहिला दसरा. मी डबा भरून घेतला, हात धुतले आणि कुणालाही काही न विचारता मोटार चढावरून वर काढली.