प्रज्ञाच्या पेपरावरची बरोबरची खूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीतले नाही, म्हणूनच असेल.

मी लालबागची. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसायचं ठरवलं तेव्हा आमच्या खोलीत अभ्यास म्हणजे नुसता तमाशा होता — टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि वर आईची टकळी. कॉलेजातली मैत्रीण प्रज्ञा म्हणाली, आमच्याकडे ये ना. आमच्याकडे म्हणजे नायगावला, तिच्या चाळीतल्या विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत. फुकट. पंखे चालू, आवाज बंद. तिथे मला कुणी आडनाव विचारलं नाही. विचारायची खोड आमच्याकडे होती.

त्या अभ्यासिकेची एक रीत होती. सराव पेपर सोडवायचा आणि शेजारच्याला द्यायचा. बरोबर उत्तरांची पानं फक्त तपासणाऱ्याच्या हातात. समोरच्याचं चुकलं, तर त्याला ते समजेपर्यंत तपासणाऱ्यानेही घरी जायचं नाही. थोरल्या मुलांनी पाडलेली रीत, सगळे मुकाट पाळायचे. मला सुरुवातीला वैताग यायचा. पण खरं सांगते, माझं टक्केवारीचं अख्खं प्रकरण प्रज्ञाने असंच, पोटात कावळे ओरडत असताना, न चिडता पक्कं करून घेतलं.

प्रज्ञा हुशार होती. माझ्यापेक्षा हुशार — हे लिहायलासुद्धा मला आत्ता जड जातंय, बघा. फक्त एका जागी ती अडखळायची, गुणोत्तरात. म्हणजे असा प्रश्न: एका इमारतीत भाडेकरू आणि मालक यांचं प्रमाण एकास तीन, दुसरीत तीनास एक. दोन्ही मिळून प्रमाण किती? प्रज्ञा झटकन लिहायची — निम्मे-निम्मे. पण दोन्ही इमारती सारख्या आहेत असं म्हटलंय कुणी? एक चार घरांची असेल, दुसरी चाळीस घरांची. उत्तर आहे, दिलेली माहिती अपुरी आहे. बस, एवढंच. तिच्या चाळीत प्रत्येक माळ्यावर सारख्याच खोल्या, खालपासून वरपर्यंत सगळ्या इमारती एका मापाच्या. लहानपणापासून तेच पाहिलेलं. गट लहान-मोठे असू शकतात, हे तिच्या डोक्यातच यायचं नाही.

माझ्या ते लगेच लक्षात आलं. समजवायला किती वेळ लागला असता? चहा निवेपर्यंत झालं असतं.

मी बरोबरची खूण केली.

पहिल्यांदा नुसता कंटाळा केला, घरी जायची घाई होती — असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तेही खोटं. त्या आठवड्यात तिचे मार्क माझ्या पुढे गेले होते आणि मी जळत होते. आम्हा दोघींना दादरचं एकच कॉलेज हवं होतं. घरी आई म्हणायची, "तिका काय गो, तिका खयव ॲडमिशन गावतली. तू तुझा बघ." म्हणजे राखीव जागेतून कुठेही मिळेल. पण प्रज्ञाचे मार्क कुठल्याही यादीत, अगदी खुल्यासुद्धा, बसतील असे होते, हे मला पक्कं माहीत होतं. तिचे पेपर मीच तपासत होते ना? तरी आईचं बोलणं मला सोयीचं वाटलं. आईवर ढकलत नाही. पेन माझ्या हातात होतं.

मग पुढेही तसंच. गुणोत्तराचा तसा प्रश्न आला की तिचं निम्मे-निम्मे आणि माझी खूण. ती खुश व्हायची. म्हणायची, सायली, हा टॉपिक आता माझा पक्का झाला. आणि मी हसायचे. कसं हसले असेन मी?

परीक्षेत नेमका एक मोठा संच याच प्रकारचा आला. मी सोडवला. दादरचं कॉलेज मला मिळालं. तिचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही.

आज ती भायखळ्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम बघते. गणपतीत आमच्याकडे येते, आईच्या पाया पडते, आई तिला डब्यात मोदक भरून देते. माझ्या ऑफिसातल्या नव्या लोकांना मी आकड्यांची सरासरी कशी फसवते ते शिकवते. गट सारखे आहेत का ते आधी बघा, असं सांगते. छान शिकवता मॅडम, असं म्हणतात ते. ते ऐकून मला काय वाटतं ते सांगून उपयोग नाही.

पण ॲडमिशन गेली, हे त्यातलं सगळ्यात वाईट नाही. ती पुन्हा परीक्षा देऊ शकली असती. तिचे बाबा एक वर्ष थांबायला तयार होते, फॉर्म भर म्हणून मागे लागले होते. निकालानंतर ती माझ्याकडे आली, आमच्या गॅलरीत बसली. परीक्षेनंतर बरोबर उत्तरं जाहीर करत नव्हते, नुसते मार्क कळले होते. ती म्हणाली, "रोज तू तपासलंस की बरोबर येतंय आणि पेपरात सगळं चुकतं. म्हणजे ऐन वेळी माझंच डोकं बंद पडतं ना गं? परत बसून काय होणार?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. माझी ॲडमिशन झाली होती, फी भरली होती, माझं काहीच जाणार नव्हतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "सगळ्यांनाच टेन्शन झेपतं असं नाही गं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. अजूनही पटलेलंच आहे.