सलीमभाईचं नाक

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. कीबोर्डच्या फटीत चुरा साठतो तसे ते आपोआप साठतात, आणि कुणी चहा पाजला की भसाभस बाहेर पडतात. जळगावात माझं आणि सलीमभाईचं बारा वर्षं असं दुकान आहे. या बारा वर्षांत ओला लॅपटॉप घेऊन जो जो आला, तो एकच वाक्य बोलला, "काही नाही भाऊ, साधं पाणी सांडलं."

खोटं! साफ खोटं!

मी मुळातच संशयी माणूस. भाजीवाल्यानं वर थोडी कोथिंबीर दिली तरी आधी उलटून बघतो. पण इथे संशय हा स्वभाव नाही, कामाचा भाग आहे. पाणी असेल तर बोर्ड सुकवायचा. गोड असेल तर धुवायचा. तेलकट असेल तर आणखी वेगळं. पाणी समजून नुसता सुकवला आणि आत साखर निघाली, की आठ दिवसांत बोर्ड सडतो. आणि शिव्या आम्हाला!

म्हणून आमच्याकडे गिऱ्हाईकाला विचारतात फक्त शिष्टाचार म्हणून. खरं उत्तर द्यायचं सलीमभाईच्या नाकानं. त्याचे वडील दोंडाईच्याच्या मिरची बाजारात होते. बंद पोत्याला नाक लावून मिरची कुठल्या गावची ते सांगायचे म्हणे. सलीमभाई बोर्ड नाकाशी धरतो, डोळे मिटतो, एक लांब श्वास घेतो आणि निकाल देतो. धुळे, चाळीसगावहून लोक वाटेतली दहा दुकानं सोडून आमच्याकडे येतात, ते या नाकासाठी. माझ्या तोंडाकडे बघून कुणी येत नाही, हे मला माहीत आहे.

*

एक नाना आले. बँकेतून रिटायर झालेले, डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलेलं. "साधं पाणी," नाना म्हणाले.

सलीमभाईनं डोळे मिटले. "नाना, शेवभाजी. तर्री जरा जास्तच होती."

नाना लालेलाल! "काहीही बोलता तुम्ही! सहा महिने झाले, मी दुधीशिवाय काही खाल्लेलं नाही!"

सलीमभाईनं चिमट्यानं स्पेसबार उचलला. खालून अख्खी शेव निघाली.

नाना खुर्ची ओढून जवळ सरकले. "घरी फोन करू नका बरं का." लॅपटॉप न्यायला मात्र काकूच आल्या. त्यांनी बिलाकडे बघितलंही नाही. एवढंच विचारलं, "तर्री घरची होती की हॉटेलची?"

*

मे महिन्यात शिंदखेड्याकडच्या एका अक्का नातीचा लॅपटॉप पिशवीतून घेऊन आल्या. स्क्रीनची कड पापडासारखी वाकलेली.

"पानीच सांडनं व्हतं भाऊ. दोन दिन गच्चीवर उन्हमा ठेवं. बठ्ठं सुकी गयं. तरी चालू नही व्हत."

सलीमभाईनं वास घेतला. "अक्का, हे पाणी नाही. बिबड्यांचं पीठ आहे. शिजवलेलं. जिरं टाकलेलं."

अक्का पिशवीची घडी घालायला लागल्या. मग कळलं ते असं, की लॅपटॉपवर कीर्तन लावून बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, घालायचं काम चाललं होतं. पातेलं कलंडलं, आणि नात कॉलेजातून यायच्या आत सुकावा म्हणून अक्कांनी तो बिबड्यांच्याच ओळीत उन्हात मांडला! आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन! मी म्हणालो, "अहो अक्का, एवढ्या उन्हात वाकणार नाही का तो?"

अक्का उसळल्या. "बिबड्या बी तठेच सुकन्यात! त्या तं नही वाकन्यात!"

*

आता तुम्ही म्हणाल, संशय घ्यायचा मक्ता काय आमच्याकडेच आहे? छे! गिऱ्हाईक आमच्या चार पावलं पुढे.

धुळ्याचे एक वकीलसाहेब होते. आम्ही आतले पार्ट बदलू म्हणून त्यांनी घरीच लॅपटॉप उघडला, एकेका पार्टवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, पुन्हा बंद केला आणि मग आमच्याकडे आणला. वर स्टूल घेऊन टेबलासमोरच बसले. "माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण मी इथेच बसतो."

"सांडलं काय होतं साहेब?"

"पाणी."

कीबोर्डवरची अर्धी अक्षरं वितळून गेली होती! दोन ठिपके चुकीच्या जागी पडले म्हणून साहेबांनी ते नेलपॉलिश काढायच्या औषधानं पुसायला घेतले, आणि बाटली आडवी झाली. म्हणजे ठिपके देईपर्यंत लॅपटॉप चांगला होता. फक्त पंखा आवाज करत होता, तो साफ करून घ्यायला ते येणार होते!

या वेळी सलीमभाईनं वास घेतलाच नाही. अक्षरं बघितली आणि काय सांडलं ते सांगितलं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

*

वाटलं ते नंतर. त्याच्या आदल्या महिन्यात सलीमभाईला ताप येऊन गेला होता, चांगला आठ दिवस. परत आला तो हसतखेळत. पण एके दुपारी आम्ही डबे उघडले, आणि त्याच्या डब्यातल्या डाळीचा आंबूस वास मला टेबलाच्या या टोकाला आला. तो मात्र मजेत खात होता. त्याचे दोन घास खाऊन झाल्यावर मी डबा ओढून घेतला.

"डाळ उतरलीये सलीमभाई!"

"हो का?" तो म्हणाला. "मला वाटलं, आज टमाटा जास्त पडला."

मी डबा झाकून बाजूला ठेवला. नाक गेलं असेल तर दुकान गेलं. आणि दुकानाचं एक वेळ काही करता येईल, पण या माणसाचं काय? जळगावात त्याची ओळखच ती. लोक त्याच्या आडनावापेक्षा त्याचं नाक जास्त ओळखतात. विचारायची माझी हिंमत होईना.

म्हणून मी नजर ठेवायला लागलो. बारा वर्षांच्या जोडीदारावर! स्वतःचीच लाज वाटत होती, पण डोळे ऐकेनात.

चाळीसगावच्या एक शिक्षिका आल्या. "साधं पाणी," त्याही म्हणाल्या. सलीमभाईनं बोर्ड नाकाशी धरला, लांब श्वास घेतला. "मॅडम, दूध आहे. घरात तान्हं बाळ आहे ना?"

मॅडम चाटच पडल्या! "मुलांची हजेरी भरत होते हो, मांडीवरच ओकला. पण तुम्हाला कसं कळलं?"

मी निःश्वास टाकला. मग मॅडम जायला वळल्या आणि त्यांच्या ओढणीवर, खांद्यापाशी, मला सुकलेला पांढरा डाग दिसला. आणि आठवलं, या खेपेला श्वास घेताना सलीमभाईचे डोळे उघडे होते.

*

मग मी केलं ते तुम्हाला सांगतो, पण बाहेर बोलू नका.

दुकानातला माझा स्वतःचा जुना लॅपटॉप होता. बिलं त्याच्यावरच निघायची, चालू होता बिचारा. सलीमभाई जेवायला गेला तेव्हा मी समोरच्या रसवंतीतून ग्लास आणला आणि तो कीबोर्डवर ओतला. पुसून काढला, वर दुसऱ्या लॅपटॉपचं झाकण बसवलं, ओळखू येऊ नये म्हणून दोन स्टिकरही लावले. तो आल्यावर म्हणालो, "शिंदखेड्याचं गिऱ्हाईक ठेवून गेलं. पाणी सांडलं म्हणतंय."

सलीमभाईनं बोर्ड बाहेर काढला आणि नाकाशी धरला. डोळे उघडेच. बोर्डाकडे नव्हेत, माझ्याकडे. मी उगाच ड्रॉवर उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"गिऱ्हाईक परत येणार आहे का?" त्यानं विचारलं.

"येईल ना. संध्याकाळी."

"मग त्याला सांग, जोडीदाराबद्दल काही शंका असली तर तोंडानं विचारावं. चांगला चालू लॅपटॉप कशाला भिजवायचा?"

मला मान वर करवेना. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. मग सलीमभाईनं बोर्ड हळूच टेबलावर ठेवला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "काय ओतलंस?"

"उसाचा रस," मी म्हणालो. "लिंबू, आलं घातलेला."

"मग बसलास काय असा? धुवायला घे, मुंग्या लागतील!"