ऑर्व्हलच्या हातातली पेटी

एल्झी क्राइडर बोलायला कंजूष, पण हाताला सोनं. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं करवत चालवली आणि दहाही बोटं घेऊन घरी आला, आमच्या गावात हीच मोठी कमाई. उरलेल्या वेळात तो पेट्या करायचा. पेटी म्हणजे टर्की या रानपक्ष्याला हाक मारायची पेटी. सीडरच्या लाकडाची, तळहातावर मावेल एवढी, वर सैल झाकण. झाकणाला खडू लावून ते कडेवर घासलं की आतून मादी बोलते. वसंतात नर माद्यांपायी वेडे झालेले असतात. आपण झाडाला पाठ लावून गप बसायचं, पेटी घासायची आणि नराला बंदुकीसमोर येऊ द्यायचं. बाकी जे काही शिकारीबद्दल ऐकाल, त्या बायकोला सांगायच्या थापा.

त्याच्या हातची सगळ्यात चांगली पेटी त्याच्या धाकट्या भावाची, ऑर्व्हलची. खरं तर ऑर्व्हलला पेटी लागायचीच नाही. तो नुसत्या तोंडाने मादीची हाक काढायचा. चार सूर, आणि तिसरा सूर जरासा फाटायचा. त्या फाटण्यावर नर जीव टाकायचे. मग एकदा खेचराने लाथ मारली, पुढचे दात गेले, कवळी बसली आणि हाक बंद झाली. एल्झी तीन महिने गॅरेजात बसून लाकूड तासत होता. तासायचं, घासायचं, मान हलवायची, परत तासायचं. शेवटी त्याने भावाचा आवाज पेटीत उतरवला, फाटलेल्या तिसऱ्या सुरासकट. ऑर्व्हलने ती घरात पहिल्यांदा वाजवली, तेव्हा त्याच्या बायकोने, नेल्डाने, स्वयंपाकघरातून विचारलं, "दात कधी उगवले रे तुझे?"

हसलो होतो आम्ही तेव्हा.

आमच्या ओझार्कच्या डोंगरात हातात बंदूक देण्याआधी दोन गोष्टी शिकवतात. रानात जाताना लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, कारण नराचं डोकं त्याच रंगांचं असतं. आणि मादी ओरडली तर तिच्याकडे सरकायचं नाही, कारण ती मादी म्हणजे पेटी घेऊन बसलेला माणूस असू शकतो. एल्झीला हे पाठ होतं. मलाच त्याने शिकवलं होतं. पण त्या सकाळी ऑर्व्हल पलीकडच्या डोंगरावर जातो म्हणाला होता, आणि पक्ष्यामागे फिरत अलीकडच्या घळीत येऊन बसला. एल्झीला मादी ऐकू आली, तिच्याजवळ नर ओरडताना ऐकू आला, आणि कायद्याने दुपारी एकला शिकार बंद, वेळ थोडाच उरलेला. तो पोटावर सरकत गेला. आडव्या ओंडक्यामागे काहीतरी पांढरं हललं. ऑर्व्हल रुमालाने कपाळ पुसत होता.

शेरीफने अपघात म्हणून लिहून घेतलं. नेल्डानेही दोष दिला नाही. एल्झी मात्र एकच वाक्य बोलत होता, "माझ्याच हातचं मला ओळखू आलं नाही."

आमच्याकडे मेलेल्या माणसाबरोबर त्याच्या आवडीची वस्तू ठेवतात. कुणाचा चाकू, कुणाची तंबाखूची डबी. एल्झीने ती पेटी ऑर्व्हलच्या उजव्या हाताखाली ठेवली आणि त्या दिवसापासून लाकडाला हात लावला नाही. लोक बाहेर कॉफी प्यायला गेले तेव्हा मयताजवळ मी एकटा बसलो होतो.

लाज सोडून सांगतो. मी ती पेटी काढून घेतली. तसली पेटी पुन्हा जगात होणार नव्हती आणि ती मातीत जाणार होती, असं मी मनाला समजावलं. तिच्यावरचा हात उचलावा लागला. तो गार होता आणि वाटला त्यापेक्षा जड होता. पेटी कोटात घातली, हात परत जागेवर ठेवला, आणि बाहेर जाऊन एल्झीच्या खांद्यावर थोपटलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं कशी असतात, ते मला आरशात दिसतं.

अकरा वर्षांत मी ती दोनदाच वाजवली. दोन्ही वेळा गाडीत, काचा वर करून.

मागच्या एप्रिलमध्ये नेल्डा माझ्या दारात आली. "डॉयल, एल्झीला एकदा रानात घेऊन जा. दिवसभर त्या गॅरेजात दिवा न लावता बसतो. असाच एक दिवस बसल्या जागी संपेल तो."

"माझं ऐकतोय होय तो?"

"तुझं नाही तर कुणाचं ऐकणार? सख्खा मित्र ना तू?"

हे ऐकल्यावर माझी मान वर होईना. ठरवलं, याच फेरीत पेटी त्याच्या हातात द्यायची. मग मारो की जीव घेवो.

एल्झी आला, याचंच मला नवल वाटलं. उजाडायच्या आत आम्ही त्याच घळीच्या वरच्या धारेवर पोचलो. जागा त्यानेच निवडली, मी तोंड उघडलं नाही. मोठ्या ओकच्या बुंध्याला पाठ लावून दोघं शेजारी बसलो. माझ्या शिकारीच्या जाकिटाच्या आतल्या खिशात ती पेटी, वाजू नये म्हणून रबरबँड गुंडाळलेली.

"कॉफी देऊ?"

"नंतर. तुझं घोरणं झालं की."

अकरा वर्षांनी त्याने माझी चेष्टा केली. मला इतकं बरं वाटलं की पेटीचं परतताना सांगू, असं मी ठरवून टाकलं. असा मी भित्रा.

पूर्वेला फटफटलं. वरच्या बाजूला एक नर झाडावरूनच ओरडला. मी माझ्या साध्या पेटीने हळूच एक हाक दिली. नर परत ओरडला. आणि मग खालून, घळीतून, उत्तर आलं.

चार सूर. तिसरा फाटलेला.

पाखरं गप्प झाली. वरचा नरही गप्प झाला, आणि मादी बोलल्यावर नर गप्प झालेला मी जन्मात पाहिला नव्हता. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. पेटी तिथेच होती. रबरबँडही जागच्या जागी.

"ऐकलंस?" एल्झी म्हणाला.

"मादी आहे."

"ती माझी पेटी आहे, डॉयल. ऑर्व्हलच्या हातातली."

परत तेच चार सूर आले, या वेळी थोडे जवळून. एल्झीने बंदूक झाडाला टेकवून ठेवली आणि टोपी काढली. त्याचं डोकं कापसासारखं पांढरं झालंय. तो उठू लागला.

"खाली बस. कुणीतरी शिकारी बसलाय खाली. तुझं पांढरं डोकं दिसलं तर उडवेल तुला."

"उडवू दे. मागच्या वेळी मी बंदूक घेऊन गेलो होतो. आता हात मोकळे ठेवून जातो."

मला कळलं की हा परत येण्यासाठी जात नाहीये. थांबवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. मी खिशातून पेटी काढून त्याच्यापुढे धरली.

"ही इथे आहे, एल्झी. मी काढून घेतली होती, त्याच्या हाताखालून. खाली जे वाजतंय ती ही नाही. बस खाली."

तो पेटीकडे बघत राहिला. मला वाटलं मारेल. त्याने मारलं असतं तर मी आज तुम्हाला हे जरा हसून सांगितलं असतं.

"अकरा वर्षं?"

"हो."

"म्हणजे त्याच्याकडे काहीच नाही," तो म्हणाला. "त्याला रिकाम्या हाताने पाठवलंस तू. तोंडाने हाक मारतोय तो."

मी त्याची बाही धरली. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, पेटी घेऊन तिचा रबरबँड माझ्या तळहातावर ठेवला, खिशातून खडू काढला. अकरा वर्षं पेटीला हात लावला नाही म्हणणाऱ्या माणसाच्या खिशात खडू होता. झाकणावर त्याने तो शांतपणे फिरवला, आणि उताराला लागला.

मी त्याच्यामागे जायला हवं होतं. मी ओकला पाठ लावूनच बसलो.

मग मला दोन आवाज ऐकू येऊ लागले. एक उतरत जाणारा, पेटीचा. दुसरा खालचा. एक चार सूर म्हणे, दुसरा चार सूर म्हणे, आणि दोघांचाही तिसरा फाटे. दोघांमधलं अंतर कमी कमी होत गेलं. पुढे पुढे कोणता कुणाचा ते मला सांगता येईना. मग दोन्ही थांबले. मी बंदुकीच्या आवाजाची वाट बघत बसलो. तो आला नाही.

ऊन चांगलं अंगावर आल्यावर एल्झी वर आला. गुडघे चिखलाने भरलेले, डोळे कोरडे, हात मोकळे.

"पेटी?"

"दिली."

"कुणाला?" मी विचारलं.

तो टोपी घालत होता. "कॉफी आण आता," म्हणाला.

नंतर मी एकटा त्या घळीत सहा वेळा जाऊन आलो. ओंडका उलटा केला, पाचोळा उपसला, ओढ्याच्या काठचे दगड हलवले. सीडर काही वर्षभरात कुजत नाही. पेटी नाही. त्या दिवशी खाली गाडी लावलेला दुसरा कुणी शिकारीही गावात सापडला नाही.

एल्झीच्या गॅरेजात आता संध्याकाळी दिवा असतो. तो पुन्हा पेट्या करतो. नेल्डा म्हणते, माणूस जेवतो, शिट्टी वाजवतो, तुझे उपकार झाले. तिला त्याने काही सांगितलेलं नाही. या ख्रिसमसला गावातल्या प्रत्येक शिकाऱ्याला त्याने एकेक पेटी दिली, पोस्टमनलासुद्धा, ज्याने जन्मात टर्की मारली नाही. मला दिली नाही. रविवारी चर्चबाहेर भेटतो, हात मिळवतो, हवापाण्याचं बोलतो. माझ्याकडे तेवढा तो रबरबँड आहे.