बाबांच्या बोटांचे ठसे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नीट शब्दांत नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

सुरुवात बोटांपासूनच करावी लागेल.

माझ्या बाबांच्या बोटांवर रेषा नव्हत्या. भिलाईत, कॅम्प-वनमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर होतं, वर पत्रा. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. भट्टीच्या आत विटांचं अस्तर असतं, ते झिजलं की जुन्या विटा उपटायच्या आणि नव्या बसवायच्या, हे त्यांचं काम. भट्टी बंद करूनही आत उभं राहवत नसे. हातमोजे मिळायचे, ते आठ दिवसांत फाटायचे, आणि पुढचे येईपर्यंत उघडे हात. अशी चौतीस वर्षं. बोटांची टोकं घासून नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली. मला ताप आला की बाबा कपाळावर हात ठेवत नसत, मनगट टेकवत. म्हणायचे, बोटांले गरम-थंड समजत नाही वं माय, मनगट खरं सांगते.

रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा ते बाबांचा अंगठा घेईना. दुकानदार रांगेसमोर ओरडायचा, "बाबा, पोंछ के लगाओ ना!" बाबा शर्टाला अंगठा पुसायचे, पुन्हा लावायचे, आणि शेवटी हसून म्हणायचे, "इसको ईंट खा गयी, साहब." रांग हसायची. मीही तिथे उभी असायची, पिशवी धरून. मी हसायची नाही. मला लाज वाटायची — तेव्हाच कळायला हवं होतं मला, की ही लाज पुढे कुठे जाईल?

त्याच बोटांवर मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी अभिमानानं सांगते, आजही. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आई गेली, तरी बाबांनी माझं शिक्षण सुटू दिलं नाही. आता मी हथखोजच्या एका कारखान्यात क्वालिटी बघते, हाताखाली अकरा माणसं आहेत. वैशाली नगरात घर घेतलं आणि बाबांना सोबत आणलं. एवढं मी केलं. हेही सांगून ठेवते, कारण पुढचं सांगायचं आहे.

तर युरोप. आमच्या जनरल मॅनेजर साहेबांचं कुटुंब टूरबरोबर चाललं होतं. त्यांनीच सुचवलं, तुम्हीही चला. नवरा तयार झाला, माझी मुलगी अवनी तर नाचायलाच लागली. आणि बाबांनाही न्यायचं हे — खरं सांगते — मीच म्हटलं. कुणी सुचवलं नव्हतं. त्या दिवशी मी चांगली मुलगी होते.

बाबांना पॅरिस-बिरिस काही नको होतं. टूरच्या कागदावर बर्फाच्या डोंगराचा फोटो होता, त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मले इथं ने फक्त. बर्फात हात घालून पाहाचं आहे. आगीनं गेलेलं बर्फानं वापस येते का, ते पाहतो."

तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. आमच्याकडे बरेच म्हातारे गुडाखू घासतात, दातांवर घासायचा काळा तंबाखू. बाबांचा तो चाळीस वर्षांचा. विमानात चालत नाही असं कुणीतरी सांगितलं, तर बाबांनी एका सकाळी डबी कचऱ्यात टाकली आणि परत आणली नाही. अवनी त्यांना काट्यानं खायला शिकवायची. पोहे काट्यातून पडत राहिले की म्हणायचे, "हा काटा ज्यानं काढला तो उपाशीच मेला असन." अवनी खिदळायची, "आबाजी, ट्राय तो करो!" फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालून उभे राहायचे. असे का उभे आहात, विचारलं तर म्हणायचे, प्रॅक्टिस करून राहिलो.

मग व्हिसासाठी आम्ही सगळे मुंबईला गेलो. साहेबांच्या कुटुंबाचीही वेळ त्याच दिवशीची होती. दहाही बोटांचे ठसे द्यायचे असतात. बाबा आत गेले आणि माझा जीव वर-खाली. मला काचेतून दिसत होतं — काउंटरवरच्या मुलीनं त्यांची बोटं ओल्या कागदानं पुसली, दाबली, पुन्हा पुसली. तीनदा. चारदा. शेवटी तिनं काहीतरी टाइप केलं आणि मान हलवली.

बाबा बाहेर आले ते ओरडतच. भट्टीवर काम केलेल्या माणसाचा आवाज लहान नसतो. "घेतले वं माय! मशीननं घेतले बोटं!" दोन्ही हात वर करून, दहाही बोटं पसरून. अख्खा हॉल बघायला लागला.

मी नजर खाली घातली.

नवरा आणि अवनी आत ठसे द्यायला गेले, म्हणून आमच्या तिघांच्या बॅगा, फाइल, पाण्याची बाटली, सगळं बाबांनी घेतलं. ते माझ्यापासून तीन पावलांवर उभे होते. तेवढ्यात साहेबांच्या मिसेस आल्या. मुंबईच्या उन्हानं त्रासल्या होत्या. बाबांकडे पाहून मला म्हणाल्या, "अच्छा किया आपने, सामान पकड़ने को आदमी ले आयीं. हम तो खुद ही ढो रहे हैं."

मी काय म्हणायला हवं होतं? चार शब्द. ये मेरे पिताजी हैं. शाळेतली मुलंसुद्धा म्हणतील.

मी म्हटलं, "जी."

बस, एवढंच. आणि त्या बाबांकडे वळल्या — "भैया, ज़रा ये भी पकड़ना," — आणि आपली बॅग त्यांच्या खांद्याला अडकवली. बाबांनी घेतली. अर्धा तास धरली. मी तिथेच उभी राहून त्या बाईंशी स्वेटरबद्दल बोलत होते, जाड न्यायचे की पातळ.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. कान कमी ऐकतात त्यांचे, मी मनाशी म्हटलं. ऐकलं नसेल. आणि हिंदी भरभर बोलल्या बाई. नसेल ऐकलं.

पण मला ऐकू आलं होतं ना. आणि आता बारा दिवस एकाच बसमध्ये, एकाच टेबलवर बसायचं होतं. बाबा मला सगळ्यांसमोर "माय" म्हणणार, आणि त्या बाई माझ्याकडे बघणार. त्यांच्या नजरेत मी दोनदा छोटी होणार होते — एकदा बाप असा म्हणून, एकदा बापाला नाकारलं म्हणून. हिशोब मी असाच केला. बाबांच्या बर्फाचा त्यात कुठे विचारच नव्हता.

पासपोर्ट कुरिअरनं कारखान्यात आले, कारण पत्ता मी तिथला दिला होता. चार पाकिटं. चारही उघडली. चारही पासपोर्टांत व्हिसा होता. बाबांच्या व्हिसावरही त्यांचा फोटो छापलेला, कॉलरचं वरचं बटण लावलेलं, गुडाखूनं काळे पडलेले दात झाकायला ओठ घट्ट मिटलेले.

त्यांचा पासपोर्ट मी माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. मग तीन पासपोर्ट घेऊन घरी गेले आणि सांगितलं — बाबा, तुमचा नाही आला. मुंबईत मशीननं बोटं घेतली, पण तिकडच्यांना ठसे नीट दिसले नाहीत म्हणे. नाकारला.

बघा, खोटं कशाचं केलं मी. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. मी त्यांची बोटंच पुढे केली. ज्या बोटांनी मला शिकवलं, त्यांच्यावर ढकललं. कारण मला माहीत होतं ते लगेच पटेल. आयुष्यभर मशीनं त्यांना नाहीच म्हणत आली होती.

आणि पटलं. क्षणभर हातांकडे पाहिलं त्यांनी, मग म्हणाले, "जाऊ दे. विटेनं खाल्लेलं तिकडं कसं चालन?" मी रडायला लागले. ते रडणं खरं होतं, पण त्यांना वाटलं त्यांच्यासाठी आहे. माझ्या कपाळावर त्यांनी मनगट टेकवलं, लहानपणासारखं. "कावून रडून राहिली, येडी? तुम्ही जा. अवनीले बर्फ दाखव."

नवऱ्यानं विचारलं, पुन्हा अर्ज करता येतो का? मी म्हटलं, वेळ नाही. तो माझ्यावर विश्वास ठेवतो.

निघायच्या दिवशी बाबा रायपूरच्या विमानतळापर्यंत आले. आपली नवी लोकरी टोपी अवनीला घातली, तिला ती नाकापर्यंत यायची. गाडीतून उतरलो, आणि दारापाशी साहेबांचं कुटुंब दिसलं. बाबांनी लगेच ट्रॉली नवऱ्याच्या हातात दिली आणि ते थांबले. मी म्हटलं, या ना बाबा दारापर्यंत.

ते हसले. अगदी साधं हसले. म्हणाले, "मी इथंच बरा. त्या बाईनं पाह्यलं त पुन्हा बॅग देईन मले धराले. तुलेच जड जाईन."

म्हणजे ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं.

मग व्हिसाचंही कळलं होतं का? ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की आपला पासपोर्ट त्यांनी मला पुढे कधीच मागितला नाही. रेशन कार्ड, आधार, मतदानाचं कार्ड — सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपणारा माणूस. त्यानं पासपोर्ट मागितला नाही.

त्या क्षणी मागे वळता आलं असतं? काही तरी बोलता आलं असतं. मी वाकून नमस्कार केला — घाईनं, त्या बाई बघत नाहीत ना हे पाहून — आणि आत गेले.

आणि आता जे सांगते ते सगळ्यात वाईट. विमान वर गेलं, खाली रायपूरचे तलाव चकाकले, आणि मला हलकं वाटलं. बेल्टच्या दिव्याचा आवाज झाला तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. खोटं बोलण्याचं दुःख असतं, लाज असते, ते मला होतंच. पण त्याच्या खाली सुटका होती. ती मी कुणालाच सांगू शकले नाही.

डोंगरावर अवनीनं व्हिडिओ कॉल लावला. बाबा स्क्रीनच्या फार जवळ आलेले, नुसतं कपाळ दिसत होतं. म्हणाले, "हात घाल त्यात. घालून ठेव. कितीक वेळानं दुखते ते सांग."

अवनीनं हातमोजा काढून हात घातला. थोड्या वेळानं किंचाळली, "आबाजी, दर्द हो रहा है!"

"मंग तुये बोटं चांगले आहेत," बाबा म्हणाले, आणि खूप हसले.

साहेबांच्या मिसेस मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, किसका फोन है? अवनी म्हणाली, मेरे नानाजी. बाई म्हणाल्या, अरे वाह, आणि फोटो काढायला पुढे गेल्या. तेवढंच होतं सगळं. ज्याला मी घाबरले होते, ते तेवढंच होतं.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा पासपोर्ट अजून त्याच ड्रॉवरमध्ये आहे. व्हिसाची मुदत तेव्हाच संपली.

आम्ही युरोप पाहिला. बारा दिवस, चार देश. फोटोत आम्ही तिघं आहोत आणि मागे बर्फ आहे. आमच्या घराण्यातून परदेशात पाय ठेवणारी पहिली मीच.